सात नंबरचं कडं

सात नंबरनं तिच्या पीएच.डी.च्या दोन वर्षांच्या कामावर पाणी फिरवायचं ठरवलेलं दिसत होतं. पायात सात नंबरचं कडं घातलेला हा मूठभर पक्षी भांडखोरपणा मोजायला ठेवलेल्या, भुसा भरलेल्या खोट्या पक्ष्यावर असा तुटून पडायचा, की त्या बिचाऱ्याला दर आठवड्याला नवी पिसं चिकटवावी लागत. तिच्या मार्गदर्शक सरांचा सिद्धांत सरळ होता: रक्तात टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक जास्त, तर भांडण जास्त. बाकीच्या एकोणीस पक्ष्यांचे आकडे ओढूनताणून का होईना, जुळत होते. सातच्या रक्तात मात्र ते नावापुरतंच निघालं.

सरांनी ती नोंद काढून टाकायला सांगितलं. पकडल्यावर रक्त घ्यायला उशीर झाला असणार, एवढंच त्यांचं म्हणणं. तिनं उशीर केला नव्हता. तिला राग आला, पण तो तिनं गिळला.

घरी तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या जेमतेम पस्तीस किलोच्या, पण अख्खी गल्ली त्यांना वचकून असे.

"तो आहे की ती?" त्यांनी विचारलं.

ती हसली आणि हसता हसता थांबली. या जातीचे नर-मादी दिसायला अगदी सारखे. खोट्या पक्ष्यावर जो धावून येईल त्याच्यापुढे 'नर' लिहायचं, ही प्रयोगशाळेची जुनी रीत. खात्री कुणीच केली नव्हती, तिनंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सातला पुन्हा जाळ्यात धरलं. घड्याळ मुद्दाम सरांच्याच हातात दिलं. पकडल्यापासून तीन मिनिटांची मुभा होती, तिनं दोन मिनिटांच्या आत रक्त घेतलं. चार दिवसांनी अहवाल आला. टेस्टोस्टेरॉन तेवढंच कमी होतं, आणि सात मादी होती.

सरांचा जीव भांड्यात पडला. "सुटलो. आपला अभ्यास नरांचा आहे, काढ तिला."

प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती. तरी तिनं प्रयोगशाळेची जुनी नोंदवही मिटली नाही.

"सर, आपण नर पकडलेच नव्हते. भांडणारे पकडले होते. सात राहणार. आणि उरलेले एकोणीसही मी तपासणार."

सरांनी वहीची पानं मागं उलटली. पहिल्या पानावर, वीस वर्षांपूर्वी, 'नर' लिहिण्याची रीत त्यांनीच घालून दिली होती.

त्यांनी घड्याळ उचललं आणि ते जाळ्याकडे निघाले.