मोठ्या सरांचा गोळा

महान शिक्षक कधीच मरत नसतात, असं प्राचार्यांनी घसा साफ करून जाहीर केलं आणि लगोलग मोठे सर वारल्याची तारीख चुकीची सांगितली. पहिल्या बाकावरून सरांच्या बायकोनं ती दुरुस्त केली. प्राचार्यांनी त्यांचे आभार मानले आणि पुढच्या वाक्यात पुन्हा पहिलीच तारीख सांगितली.

शोकसभा सभागृहात न घेता पदार्थविज्ञानाच्या वर्गात घ्यायची, हा हट्ट धाकट्या सरांचा. धाकटे सर आता विभागप्रमुख होते. डोक्यावरचे केस गेले होते, निवृत्ती तोंडावर आली होती, घरी नात होती. पण ते याच वर्गात मोठ्या सरांपुढे शिकले आणि पुढे त्यांच्याच शेजारच्या टेबलावर नोकरीला लागले, तेव्हा कुणीतरी त्यांना ‘धाकटे’ म्हटलं, ते कायमचं चिकटलं.

वर्ग हवा होता तो गोळ्यासाठी. छताच्या आकड्याला लांब तारेनं टांगलेला पितळी गोळा ही कॉलेजची शान होती. तो संस्थापकांनी परदेशातून आणला, असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. धाकटे सर तो दर वर्षी स्वतःच्या हातानं घासूनपुसून लखलखीत करत. घरातलं एक भांडं कधी त्यांनी विसळलं नव्हतं, हे त्यांची बायको येईल-जाईल त्याला सांगे.

पहिल्या तासाला मोठे सर फळ्यापुढे उभे राहत, गोळा ओढून नाकाच्या शेंड्याला लावत आणि नुसता सोडून देत. गोळा पार खिडकीपर्यंत जाई, तिथून सरळ त्यांच्या तोंडावर चालून येई आणि नाकापाशी थबकून माघारी वळे. ढकलला नसेल तर तो सोडल्या जागेच्या पुढे येऊच शकत नाही, हा नियम. गोळा जाऊन येईपर्यंत सर डोळे मिटून हजेरी घेत.

मग ते धाकट्या सरांना बोलावत. धाकट्या सरांना नियम तोंडपाठ होता, त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं होतं. पण गोळा येताना दिसला की पाय आपोआप मागे सरायचे, ते थेट फळ्यापर्यंत. पाठीवर सगळी समीकरणं छापून ते घरी जात.

“तुमचे धाकटे सर नियम पूर्ण मानतात,” मोठे सर वर्गाला सांगत, “फक्त स्वतःचं नाक त्यातून वगळतात.”

दवाखान्यातही त्यांनी तेच काढलं. आवाज पार खोल गेला होता. “माझ्यादेखत नाही जमलं तुला. मी गेल्यावर तरी उभा राहा.”

“राहतो, सर.”

“मागे जायचं नाही.”

“नाही जाणार.”

“फळा पुसून ठेव,” सर म्हणाले. एवढा त्यांचा विश्वास.

म्हणून शोकसभेत प्राचार्यांनी “आता धाकटे सर दोन शब्द बोलतील” म्हटल्यावर धाकटे सर उठले ते माईककडे न जाता गोळ्याकडे निघाले. शेजारी बसलेल्या रसायनाच्या बाईंनी त्यांची बाही धरली.

“भाषण करा ना सरळ. दोन शब्द बोलायचे, डोळे टिपायचे, चहा घ्यायचा. नाक कशाला पणाला लावता या वयात?”

“शब्द दिलाय त्यांना.”

“ते काय बघायला येणार आहेत?”

“येतील,” धाकटे सर म्हणाले. “तुम्ही ओळखत नाही त्यांना.”

ते फळ्यापुढे उभे राहिले. गोळा ओढून नाकाला लावला. टेबलावरच्या फोटोतून मोठे सर नेहमीच्या मिस्कील चेहऱ्यानं बघत होते. धाकट्या सरांनी गोळा सोडला.

गोळा खिडकीकडे गेला. धाकटे सर जागचे हलले नाहीत. गोळा फिरला, मोठा होत होत यायला लागला. पण पाय जमिनीला खिळून राहिले. जमतंय, सर, ते मनात म्हणाले. अगदी जमतंय.

इकडे प्राचार्यांना वाटलं, धाकट्या सरांना गहिवरून शब्द फुटेना झालाय. परिस्थिती सावरावी म्हणून त्यांनी माईक ओढला. “आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आदरांजली वाहू या.”

सगळा वर्ग उठला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि उभी हयात मोठ्या सरांपुढे मान झुकवत आलेल्या धाकट्या सरांनीही, सवयीनं, अगदी मनापासून, मान पुढे झुकवली.

आवाज फार मोठा नव्हता. पण शांतता असल्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत नीट ऐकू गेला.

दोन मिनिटांची स्तब्धता ही हसू दाबायला किती लांबलचक असते, ते त्या दिवशी कॉलेजला कळलं. रसायनाच्या बाईंचे खांदे असे गदगदत होते की प्राचार्यांनी त्यांना मूकपणे रुमाल दिला. धाकटे सर नाकाला रुमाल लावून फोटोपुढे ताठ उभे होते. गोळा आपला येत होता, जात होता.

सभा संपल्यावर मोठ्या सरांची बायको हळूहळू धाकट्या सरांपाशी आली.

“काकू,” धाकटे सर रुमालातून म्हणाले, “घोटाळा केला मी.”

“कसला घोटाळा? मागे सरकला नाहीस, मी बघत होते ना. पुढे आलास.” काकूंनी त्यांचं नाक निरखून पाहिलं. “हे म्हणाले असते, नियम चुकला नाही, नाकच वेळेआधी आलं. आणि आठवडाभर हसले असते.”

धाकट्या सरांचे डोळे भरून आले. थोडे नाकामुळेही असतील.

काकूंनी पुढे होऊन गोळ्यावरून हात फिरवला. प्राचार्य आदरानं बाजूला झाले.

“किती चकाकतोय रे,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे असताना काळाकुट्ट होता.”

“तुमच्याकडे?”

“लग्न नवीन होतं तेव्हा हे घेऊन गेले. एका तासापुरता नेतो म्हणाले होते.” त्यांनी पर्स खांद्यावर नीट केली. “तो तास संपला असेल, तर काढून देतोस का? तेव्हापासून मागचं दार वाऱ्यानं फार आपटतं.”