मधुवंतीचा पुस्तकी कोळसा

शाहूपुरीत टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर मधुवंतीनं एक अख्खं कोळशावरचं वीज केंद्र उभं केलं होतं. बॉयलर, टर्बाइन, चिमणी, सगळं कॉम्प्युटरवर. कुठं काय बदललं तर वीज किती वाढेल, हे आधीच सांगणारा हा प्रोग्रॅम विदर्भातल्या एका केंद्राला विकायचा होता. त्यात कार्यक्षमता अडतीस टक्के यायची. तिचा साहेब ऋतुराज त्यावर इतका खूश होता, की जणू कोळसा त्यानंच फावड्यानं घातला होता.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी त्यानं गडहिंग्लजहून आकारामदादांना बोलावलं. तीस वर्षं वीज केंद्रात बॉयलर चालवलेला माणूस शेजारी बसलेला बरा दिसतो, एवढाच हेतू.

दादांनी चहा संपवला आणि पडद्याकडं पाहिलं.

"ह्यो कोळसा कुठं मिळतोय? मला बी पत्ता द्या."

कोळसा पुस्तकातला होता. सुका, कमी राखेचा. दादा म्हणाले, आमच्याकडं रेल्वेच्या वाघिणीतनं दगड यायचे, चिखल यायचा, एकदा तर कुणाची तरी चप्पल आलती. त्यांनी राख बेचाळीस टक्के करायला लावली, कोळसा भिजवायला लावला, नळ्यांवर काजळी चढवली, हवेची गळती घातली. आकडा घसरत बत्तीसवर थांबला. कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात गेलेली बघून मधुवंतीला रडू येत होतं.

जेवून आलेल्या ऋतुराजनं जुना आकडा परत आणायला सांगितला.

ती म्हणाली, "सर, असल्या कोळशावर अडतीस देणारं केंद्र जगात कुठंच नाहीये."

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या मुख्य अभियंत्यांनी बत्तीस पाहिलं, उठून दार लावलं आणि आमच्या केंद्राचा खरा, गोपनीय आकडा कुणी फोडला, असं विचारलं. ऋतुराजनं तत्परतेनं मधुवंतीकडं बोट केलं.

"पावणं, फोडायला कशाला पायजे?" दादा म्हणाले. "आमचं बी असंच हुतं की."

अभियंते परत खुर्चीवर येऊन बसले. मग त्यांनी हळूच विचारलं, गळती बुजवली तर? मधुवंतीनं बटण दाबलं. तेहतीसच्या वर. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही.

काम मिळालं. पुढच्या महिन्यात मधुवंतीनं आयुष्यात पहिल्यांदा खरं वीज केंद्र पाहिलं. परतल्यावर ती स्टेशनवरून थेट ऑफिसात आली आणि कोळशाच्या भुकटीनं काळी झालेली बॅग तिनं ऋतुराजच्या पांढऱ्या सोफ्यावर ठेवली.