दोनशे चौदावा खिळा

आमच्या खाणीत सध्या एकच माणूस कामावर आहे, आणि तो अकरा वर्षांपूर्वी वारला. ते माझे बाबा.

हे मी म्हणत नाही, बोर्ड म्हणतो. खाणीच्या तोंडाशी लाकडी बोर्ड आहे, त्यावर तीनशे खिळे, प्रत्येक खिळ्यावर एकाचा पितळी बिल्ला. खाली जाताना बिल्ला काढून खिशात घालायचा, वर आलं की टांगायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली, आणि माणूस खाली असताना पाणी उपसणारा पंप बंद करायचा नाही. फार पूर्वी कुणीतरी घाईत पंप बंद केला आणि दोघं बुडाले, त्यानंतरचा हा नियम. त्यात मेलेल्यांबद्दल काही नाही. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, मेलेला माणूस कशाला खाली बसून राहील.

बाबा राहिले. सातव्या मजल्यावर छत त्यांच्या अंगावर आलं आणि दोनशे चौदा नंबरचा बिल्ला त्यांच्या खिशातच राहिला. पुढे खनिज संपलं, चार वर्षांपूर्वी खाण बंद झाली, माणसं वर-खाली नेणारा पिंजरासुद्धा भंगारात गेला. उरलो मी, बोर्ड सांभाळायला, आणि काका, पंप चालवायला. एका माणसाचे पाय ओले होऊ नयेत म्हणून अख्खा डोंगर उपसायचा. अशी बडदास्त राजाचीसुद्धा ठेवत नसतील.

डोंगराबद्दल मला जे येतं ते बाबांनी जेवताना शिकवलेलं. "डोंगराला भेग पडली. खालून कढत पाणी आलं, त्यात जस्त आणि शिसं विरघळलेलं. पाणी निवलं, धातू भेगेत बसला. भांड्यातलं पाणी आटलं की बुडाला पांढरं राहतं ना, तसं." म्हणजे आमची खाण हे एक न घासलेलं भांडं. धातूच्या त्या शिरेमागे माणसं सहा मजले सरळ खाली गेली, आणि सातव्यावर शीर गायब. कारण मधल्या काळात अर्धा डोंगर चाळीस मीटर बाजूला सरकला होता, उरलेली शीर घेऊन. जुन्या लोकांना कोण सांगणार? ते आठ वर्षं नुसत्या दगडात सरळ खोदत राहिले. जिथे डोंगर सरकतो तिथला दगड भुगा झालेला असतो, त्याच्याखाली जास्त वेळ उभं राहू नये, हेही बाबांनीच सांगितलं होतं. छत कोसळलं ते तिथेच.

मागच्या महिन्यात नवे साहेब आले. त्यांनी खिशातून नवाकोरा चकचकीत बिल्ला काढला. दोनशे चौदा.

"करून आणलाय. तुम्ही फक्त टांगा."

"साहेब, बाबा वर आलेले नाहीत."

"कागदोपत्रीच यायचंय हो त्यांना."

"मग तुम्हीच टांगा."

"बोर्डाला हात लावायचा अधिकार फक्त बोर्डवाल्याला. नियम आहे." मग जरा हळू म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत बघा."

संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. काका खुर्चीत गुडघे चोळत बसले होते.

"दादाने एकदाही पाळी वेळेवर सोडली नाही," काका म्हणाले. "पण ही हद्द झाली. वहिनी, मला आता पंपाकडचा तो जिना चढवत नाही."

"पंप बंद केला तर पाणी सातव्यावर यायला किती दिवस लागतील?" आईने विचारलं.

"वीसेक."

आईने एक शर्ट घडी करून परत उलगडला. "खोटा बिल्ला टांगायचा नाही. हे वर आले असते तर आधी घरी आले असते."

सकाळी ती काकांची पक्कड घेऊन खाणीवर आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. साहेब म्हणाले, बाई, बोर्डाला हात लावता येणार नाही. तिने पक्कड माझ्या हातात दिली.

"तुला येतो ना लावता? ओढ."

मी खिळा ओढला. इतका जुना खिळा जरा तरी कुरकुरेल असं वाटलं होतं, पण सहज निघाला. साहेबांनी बोट फिरवत बोर्ड मोजला. दोनशे नव्याण्णव खिळे, दोनशे नव्याण्णव बिल्ले. रिकामा खिळा एकही नाही.

"नियमात बसतंय," ते म्हणाले.

काकांनी पंप बंद केला. मी डबा उघडून खाल्लं. भूक लागली होती.

खिळा आईने घरी दाराशेजारी ठोकला. मी त्यावर एकदा किल्ल्या अडकवल्या, तर तिने काढून माझ्या हातात दिल्या.

विसाव्या दिवशी काका दुपारपासून आमच्याकडेच येऊन बसले. आईने गच्चीवरच्या टाकीची मोटार लावली. टाकी भरली, वाहायला लागली. काका सवयीने उठले, बटणापाशी गेले, आणि त्यांची नजर रिकाम्या खिळ्यावर गेली. त्यांनी हात खिशात घातला.

पाणी भिंतीवरून ओघळत खिडकीतून आत यायला लागलं. काका तसेच उभे. मीही उठलो नाही. अधिकार माझा होता का, तेही मला नक्की माहीत नव्हतं.

"भावजी, बंद करा," आई म्हणाली.

"वहिनी, खिळा..."

"दिसतोय मला. बंद करा."

काकांनी बटण दाबलं. आईने माझ्याकडे फडकं टाकलं आणि खिडकीखालचं पुसून घे म्हणाली. मी पुसलं. बरंच होतं.