दाबनाथांचं तीर्थ आणि करडईचं तेल

लातुरात औसा रोडच्या मैदानावर त्या रविवारी एवढी वाहनं जमली होती, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, फुकट डिझेल वाटतायत. ट्रॅक्टर होते, जीपगाड्या होत्या, एक रोडरोलरही होता आणि त्याच्या मालकाने त्याला हार घातला होता. सगळ्यांच्या पुढे, मानाच्या जागी, बापूसाहेबांची चार सिलिंडरची विलायती मोटार उभी होती. निजामाच्या अमलात ती हैदराबादेहून आली, तेव्हा गाव तिला बघायला जमायचं. आता भूकंपाला पाच वर्षं होत आली होती आणि ती सुरू झाली की गल्ली घराबाहेर पळायची.

"इंजनाचा प्राण कशात?" दाबनाथ महाराज माईकवर गरजले. "कॉम्प्रेशनमंदी! कॉम्प्रेशन गेलं की इंजन म्हंजे नुसतं लोखंड. चार शिलिंडर म्हंजे चार वेद!"

"महाराज, माझ्या ट्रॅक्टरला तीनच हायत की," पंढरीने काळजीने विचारलं.

"दत्तगुरू!"

"आन् स्कूटरचं एकच?"

"अद्वैत!"

गर्दीने टाळ्या पिटल्या. भूकंपात धरणीच्या पोटातला दाब वर आला, तो थेट आपल्या हातात उतरला, असं महाराज सांगत. धरणीने हात निवडताना फारशी चौकशी केलेली दिसत नव्हती, असं मागे उभ्या असलेल्या सौदामिनीला वाटलं. ती बापूसाहेबांची सून. एका कोचिंग क्लासमध्ये ती फिजिक्स शिकवायची.

महाराजांनी मोटारीचे चारही प्लग काढवले. प्लगच्या भोकात दाबमापक बसवून शिष्याने स्टार्टर फिरवला. काटा सत्तरवर रडत थांबला. मग महाराजांनी प्रत्येक भोकात पळी-पळी तीर्थ सोडलं, ओठांत काहीतरी पुटपुटले, आणि काटा सव्वाशेवर! चारही सिलिंडरांत! प्लग लावून गाडी सुरू केली, तेव्हा मागून निळ्या धुराचा लोट उठला.

"पाप जळतंय!" महाराज म्हणाले.

रोडरोलरवाल्याने डोळे पुसले. धुरामुळे की भक्तीने, ते कळलं नाही.

"पुढल्या रविवारी," महाराजांनी आवाज खाली आणला, "बारावीच्या लेकरांना आणा. डोस्कं म्हंजे बी इंजनच. कानात दोन थेंब. पीसीबीच्या मार्कांचं कॉम्प्रेशन वाढलंच म्हणून समजा."

"पहिली आमची मृण्मयी!" बापूसाहेबांनी हात वर केला.

सौदामिनीची लेक यंदा बारावीला होती. मृण्मयीच्या उजव्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून भोक होतं. अंघोळीचं पाणीसुद्धा आत जाऊ द्यायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

घरी तिने तेच सांगितलं. बापूसाहेब रिटायर्ड हेडमास्तर. पुढ्यात बसलेल्याला ते अजून सातवीतलाच समजत.

"डॉक्टरांकडे दाबमापक आहे का? मी काटा डोळ्यांनी पाहिला, सौदामिनी!"

"पाहिलात ना? मग आज गाडी पुलाच्या चढावर का बसली?"

"माझी श्रद्धा कमी पडली. आणि तू मागे उभी राहून शंका घेत होतीस, त्याचीही गळती असते."

"बापूसाहेब, तुम्ही शाळेत उत्तर आलं की लगेच बरोबरची खूण करायचात?"

"छे! आधी ताळा."

"मग या गणिताचा ताळा मला करू द्या. चुकले तर मीच तिचा कान धरते."

बापूसाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. ताळ्याला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

पुढच्या रविवारी मैदानात ट्रॅक्टरांइतकीच बारावीची पोरं होती, रात्रभर जागून लाल डोळ्यांनी रांगेत उभी. काही उभ्याउभ्याच झोपली होती. मृण्मयी सगळ्यांत पुढे.

"महाराज, आधी गाडी," सौदामिनी म्हणाली. "पहिली दोन सिलिंडरं तुमची, मागची दोन माझी. तीर्थ तुमचं, तेल माझ्या घरचं. करडईचं."

"आन् मंत्र?" महाराज हसले.

"तो सासूबाई म्हणतील."

कावेरीबाई पदर खोचून पुढे आल्या. मोटारीला त्या आयुष्यभर सवत मानत आल्या होत्या आणि ही संधी त्यांना फार उशिरा मिळाली होती.

"मेले भवाने!" त्यांनी भोकात तेल ओतत सुरुवात केली. "लग्न माझ्याशी लावलं आन् निजला माणूस तुझ्याखाली! दिवाळीचं उटणं लावलं तर त्यालाबी तुझ्याच ग्रीसचा वास! भंगारात जाशील, तवा पेढे वाटीन!"

चारही सिलिंडरं मोजली. महाराजांची दोन सव्वाशे. कावेरीबाईंची दोन सव्वाशेच्या किंचित वर.

गर्दी काटा बघायला पुढे सरकली.

"करडईतबी देव हाय!" महाराज पटकन म्हणाले.

"असेल. आता गाडी औशापर्यंत नेऊन आणू आणि पुन्हा मोजू."

"प्रसाद दोनदा मोजत न्हाईत, बाई!"

"मी मोजतो," बापूसाहेब म्हणाले आणि स्वतः गाडीत बसले. पुढे गाडी, मागे निळ्या धुरात पंढरीचा ट्रॅक्टर साक्षीला.

गाडी परत आली. बापूसाहेबांनी दाबमापक स्वतःच्या हाताने लावलं, काटा वाचला, पुन्हा वाचला. मग निकाल जाहीर करताना शाळेत लावायचे, तो आवाज लावला.

"चारही सत्तर. सगळी नापास."

सौदामिनीने माईक घेतला. "सिलिंडर म्हणजे पिचकारी समजा. आतल्या दट्ट्याच्या रिंगा झिजल्या की कडेच्या फटीतून हवा निसटते. म्हणून काटा चढत नाही. घट्ट तेल ओतलं की ते फटीत बसतं, हवा अडते, काटा चढतो. गाडी पळाली की तेल जळून जातं. तोच तो निळा धूर, आणि फट पुन्हा उघडी. गॅरेजमध्ये रिंगा झिजल्यात का, हे असंच तेल घालून तपासतात. महाराजांचं तीर्थ हुंगून बघा, गिअरचं तेल आहे. कापूर तेवढा वरून टाकलाय."

रोडरोलरवाल्याने हुंगलं आणि जाऊन रोलरचा हार काढला. महाराज शिष्यांना "आवरा" म्हणाले. ते पहिल्यांदाच माईकशिवाय बोलले, म्हणून कुणाला नीट ऐकू आलं नाही.

"दुसऱ्यांदा मोजू देत नाही, त्याच्या हातात आपलं लेकरू द्यायचं नाही," सौदामिनी म्हणाली. "गाडीचं इंजिन खोलून रिंगा बदलता येतात. कान गेला, तर तसा बदलता येत नाही."

बापूसाहेब रांगेशी गेले. मृण्मयीच्या मनगटाला धरून त्यांनी तिला बाहेर काढलं.

"आजोबा, माझ्या कॉम्प्रेशनचं काय?"

"घरी चल. चुकलो मी." हेडमास्तरांच्या तोंडून हे वाक्य लातुरात पहिल्यांदाच ऐकू आलं.

पंढरी डोकं खाजवत सौदामिनीपुढे उभा राहिला. "म्याडम, मग माझ्या ट्रॅक्टरचं काय करू?"

"रिंगा बदला."

"आन् पोराचं? लई पाठ करतंय, ध्यानात काहीच ऱ्हात न्हाई."

त्याचा पोरगा रांगेत खांबाला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होता. सौदामिनीने त्याच्याकडे पाहिलं.

"त्याला रोज रात्री झोपू द्या," ती म्हणाली.