शमुवेलची तुळा

कार्मेलीनने सुरंगीच्या फुलांचा वळेसर मागून येऊन हलकेच प्रेमलताच्या अंबाड्यावर ठेवला. प्रेमलता आडाळ्यावर बसून खोबरे खवत होती. तिने मान अशी झटकन बाजूला घेतली, की वळेसर घसरून खोबऱ्याच्या परातीत पडला.

"नको गो बाय. डोक्याक उष्णता होता माका."

"जल्मभर माळलंस, आणि आताच बरी उष्णता होता?"

कार्मेलीनने वळेसर उचलला, त्याला लागलेले खोबरे झटकले आणि तो खुंटीला अडकवला. पुढे काही विचारले नाही. प्रेमलताला तेच नको वाटत होते. विचारले असते तर बरे झाले असते.

सकाळी चर्चमध्ये कार्मेलीनच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला होता. दुपारच्या जेवणाची तयारी करायला प्रेमलता गडगा ओलांडून आली होती. आचऱ्याच्या त्या वाडीत दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा होता, आणि त्यावरून वाटीभर कढीपासून रांगत्या पोरांपर्यंत सगळे इकडून तिकडे जात आले होते. कार्मेलीनची लवीना प्रेमलताच्याच खळ्यात चालायला शिकली. तिच्या लग्नाला कितीतरी वर्षे झाली, पण कूस उजवेना. शेवटी गेल्या वर्षी शिवरात्रीला प्रेमलता एकटीच रामेश्वरापुढे उभी राहिली. लवीनाच्या ओटीत पोर घाल देवा, त्याची नारळांची तुळा करीन, त्याच्या वजनाइतके नारळ तुझ्या पायाशी ठेवीन; तोवर सुरंगी माळणार नाही. गाऱ्हाणे मनातल्या मनात घातलेले, त्यामुळे मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणी नव्हते.

नाताळाच्या तोंडावर पोर झाले. तेव्हापासून तो नवस काट्यासारखा तिच्या घशात अडकून होता. तुझ्या नातवाला मी माझ्या देवाकडे मागितला, असे कार्मेलीनला कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि फेडल्यावाचून तरी कसे राहायचे? पोर नुसते शिंकले तरी गडग्याअलीकडे हिचे हात जोडले जात. तिच्या नवऱ्याला, दाजींना, तेवढे ठाऊक होते. ते म्हणत, "मागताना माका इचारलंस? मगे फेडताना कित्याक इचारतंस?"

"आजोबाचां नाव ठेवतलास असां वाटला होता," प्रेमलता खोबऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. "आंतोन."

"माझ्याय मनात ताच होता. पण लवीनान हट धरल्यान. शमुवेलच व्हयो तिका."

"अर्थ काय गो तेचो?"

कार्मेलीन पाट ओढून तिच्यासमोर लसूण सोलायला बसली.

"पवित्र शास्त्रात हन्ना म्हणान एक बायल आसा. पोर नाय, आणि सवत टोमणे मारी. एकदा देवळात जाऊन रडाक लागली. ओठ हालतत, पण आवाज नाय. थंयचो म्हातारो याजक दारातच बसललो. तेका वाटला, ही दारू पिऊन इली."

प्रेमलताला हसू फुटले. "मेलो तो!"

"मगे देवान तिचां आयकल्यान. झील झालो. देवाकडे मागान घेतललो म्हणान नाव ठेवल्यान शमुवेल."

"आणि बोललेला फेडल्यान तिनां?"

प्रश्न तोंडातून निसटून गेला होता. कार्मेलीनने लसणीवरून मान वर केली नाही.

"फेडल्यान तर. दूध तुटल्यावर पोराक घेऊन देवळात गेली, आणि थंयच देवाच्या सेवेक ठेवन इली."

"ठेवन?" प्रेमलताचा हात आडाळ्यावर थांबला. "काळजाचो दगड केल्यान असतलो गो."

"गेल्या वर्षी तू तुळशीकडे उभी ऱ्हवस," कार्मेलीन म्हणाली, "आणि तुझे ओठ हालत. माका ह्या दारातसून दिसा. मीय त्या म्हाताऱ्यासारखीच. म्हटला, प्रेमा एकटीच बडबडाक लागली. मगे सुरंगीचे दिवस इले, आणि तू वळेसर घेवक नाय. तेव्हा माका समाजला, तू लवीनासाठी देवाक कायतरी बोललंस. लवीनाक सांगलंय, तर ती रडाक लागली. नाव तिनां तेव्हाच ठरवल्यान."

प्रेमलताने पदर तोंडाला लावला.

"काय बोललंस ता तरी सांग."

"नारळांची तुळा."

आत भिंतीवर क्रूसाखाली मेणबत्ती जळत होती. कार्मेलीन तिकडे पाहत राहिली.

"आज सकाळीच पाद्रीन तेच्या डोक्यार पाणी घातला गो."

"म्हायत आसा. म्हणान तर माझी जीभ वळा नाय. तुका वायट वाटला तर..."

कार्मेलीन उठली आणि आत गेली. प्रेमलताने खवून झालेली करवंटी पुन्हा आडाळ्यावर धरली.

कार्मेलीन बाहेर आली ती नातवाला कडेवर घेऊन. मागे लवीना माशांच्या दोन टोपल्या घेऊन उभी होती, बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी घासूनपुसून लख्ख केलेल्या.

"देवळाची पायरी चढूक माका जमाचा नाय, प्रेमा. पण माझ्या खळ्यात फेडूक कोण आडवतलो? नारळ तू घेऊन जा. पोर हंयच ऱ्हवात."

"नारळ माझेच व्हये पण. तुझ्या माडाचे चलाचे नाय."

"दाजीनू!" कार्मेलीनने गडग्यावरून हाक मारली. "ऐकलास मा?"

"कधीचे सोलून ठेवलंय!" पलीकडून उत्तर आले. "ही बोलात तेव्हा ना!"

फणसाच्या फांदीला बांबू आडवा टांगला. एका टोपलीत दुपटे घालून शमुवेलला निजवले. तो मूठ चघळू लागला. दुसऱ्या टोपलीत दाजी नारळ ठेवत गेले. टोपली हळूहळू खाली आली, बांबू डुलला आणि सरळ झाला.

प्रेमलताने हात जोडले. तिचे ओठ हलू लागले.

"मोठ्यान बोल गो," कार्मेलीन म्हणाली. "तोंडातल्या तोंडात नको."

"बा देवा म्हाराजा," प्रेमलता मोठ्याने म्हणाली. "ह्या शमुवेलाक सुखी ठेव. तेच्या दोनय घरांक सुखी ठेव."

कार्मेलीनने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटे लावून क्रूसाची खूण केली.

"व्हय म्हाराजा."

दाजी नारळ पोत्यात भरू लागले. लवीनाने पोराला उचलून घेतले. खुंटीवरचा वळेसर थोडा मलूल झाला होता, पण त्याचा वास अंगणभर भरून राहिला होता. प्रेमलता पायरीवर कार्मेलीनकडे पाठ करून बसली आणि तिने अंबाडा जरा सैल केला.