गिरणीमागं, अंजिराखाली

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता. गाव चर्चमध्ये होतं, त्यामुळे रोसेर घरातून निघून नदीपर्यंत आली तरी वाटेत कुणी भेटलं नाही. नदीकाठची वाट जुन्या गिरणीपासून सुरू होते. तिथे नगरपालिकेने एक पाटी लावली आहे: सोपी वाट, अडीच तास, मुलांना जमण्यासारखी. पाटी लागली त्या वर्षी बाबा म्हणाले होते, "जन्मभर खेचर घेऊन या वाटेनं गेलो. ती सोपी आहे हे सांगायला शहरातून माणूस यावा लागला."

बाबा, म्हणजे ब्लाय, जानेवारीत गेले. आई त्याच्या सहा वर्षं आधी.

दर वर्षी याच रविवारी त्यांच्या टेबलावर पहिल्यांदा रानशतावरीचं ऑम्लेट येई. सहा अंडी आणि पेन्सिलीहून बारीक, कडवट कोंबांची एक जुडी. शेजारपाजारचं कुणीतरी जेवायला असायचंच आणि ते विचारायचंच, "कुठं मिळाली रे ब्लाय?" बाबा ताटातून मान वर न करता म्हणायचे, "गिरणीमागं, अंजिराखाली. वाटलं तर ये बघायला." सगळं टेबल हसायचं. रोसेरही हसायची. कारण या गावात कोंबांची जागा कुणी कुणाला सांगत नाही. भाऊ भावाला सांगत नाही, बाई नवऱ्याला सांगत नाही. विचारलं तर भलतीकडची जागा सांगायची ही रीत. आणि ऐकणाऱ्याने ती जागा सोडून उरलेला नदीकाठ पालथा घालायचा, हीसुद्धा रीतच.

आता ती जागा माहीत असलेलं माणूस उरलं नव्हतं. कोंब खुडले नाहीत तर रानशतावरी माजते, दोन-तीन पावसाळ्यांत काटेरी जाळीत गडप होते. सोमवारी रोसेरला शहरात शाळेवर हजर व्हायचं होतं. ऑम्लेटपुरते कोंब तिला बाजारातही मिळाले असते. ते तिला नको होते. चाळीस वर्षं दर मार्चमध्ये बाबा सकाळी एकटेच कुठे जाऊन बसत होते, ती जागा तिला पाहायची होती. सापडली तर आज, नाहीतर मग नाहीच.

तिने गिरणीकडे पाहिलंही नाही. पडकी भिंत, छप्पर नाही, समोर गाड्या लावायला मोकळं केलेलं मैदान. ती ओलांडून खाली, प्रवाहाच्या दिशेने चालू लागली.

धुकं अजून बोरूच्या बनात अडकलेलं होतं. कण्हेरीला फुलं यायला अवकाश होता, नुसती काळपट हिरवी पानं. पाणी दगडांवरून फारसा आवाज न करता जात होतं. पहिल्या लाकडी पुलाच्या कठड्यावर एक खंड्या बसला होता. तिचं पाऊल वाजलं तसा निळी रेघ ओढल्यासारखा निघून गेला. काठावरच्या ऑलिव्हांच्या बुंध्यांशी, दगडी बांधांच्या फटीत, जाळीच्या उन्हाकडच्या बाजूला ती वाकून वाकून पाहत होती. रानशतावरीची झुडपं दिसत, पण कोंब कुणीतरी आधीच मोडून नेलेले. ताज्या मोडीतून पाणी येत होतं.

कोण नेतंय ते दुसऱ्या पुलाजवळ कळलं. एलिसेऊकाका समोरून येत होते. वय ऐंशी, हातात काठी, आणि ऊन चढलं असूनही कोट गळ्यापर्यंत बंद.

"चर्च सोडून इकडं कुठं, काका?"

"पाय मोकळे करायला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"आणि बाहीतून ते हिरवं काय डोकावतंय?"

काकांनी बाहीकडे पाहिलं. "काठी."

"दुसरी?"

"एक मोडली तर लागते गं. तू तुझ्या शाळेतल्या पोरांना असं धरतेस का?"

रोसेर हसली. मग, शहरात तीस वर्षं काढलेल्या माणसाने करावी तशी चूक तिने केली. सरळ विचारलं. "काका, बाबा कुठं जायचे हो?"

काकांचा चेहरा उतरला. कुणी पानातलं उष्टं मागावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"असलं विचारतात का, पोरी? जित्या माणसाला विचारत नाहीत. मेलेल्याचं तर मुळीच नाही."

"चुकलं."

"चुकलंच." ते काठीवर रेलले. मग नरमून म्हणाले, "मला ठाऊक असतं तर मीच नसतो का गेलो? चाळीस वर्षं माग काढला त्याचा. एकदा तर पहाटेपासून त्याच्या दारासमोर बसलो होतो. माझाच डोळा लागला."

"ते गिरणीमागं म्हणायचे."

"हो ना! म्हणून तर गिरणी सोडून मी सगळं बघितलं. वरचा बंधारा, खालचे तिन्ही पूल." काका हसायला लागले आणि खोकला आला. "एवढीच एक थाप जमली तुझ्या बापाला. पत्त्यांत काय हाल करायचो आम्ही त्याचे! हातात पान नसताना आहे म्हणून दाखवायचा खेळ, आणि याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं. इतका वाईट भिडू आख्ख्या खोऱ्यात नव्हता."

"तुम्ही आठवण काढता त्यांची?"

"भिडू नाही तर चौथा हात कोण धरणार?" काका म्हणाले, आणि कोट सावरत गावाकडे निघून गेले.

रोसेर पुढे गेली. तिसऱ्या पुलाशी बाबांच्या बुटांना लागायची तशी तांबडी माती दिसली, म्हणून तिथे तिने तासभर घालवला. डाळिंबाच्या पडीक बागेत शिरली, ओरखडे काढून घेतले, हाताला तीन कोंब लागले. त्या जागेत काही नव्हतं. बसायला सावली नव्हती, नदीही दिसत नव्हती. इथे ते बसले नसते. का, ते तिला सांगता आलं नसतं.

अकरानंतर शहरातली माणसं यायला लागली. एकसारखे बूट, पाठीवर पिशव्या, प्रत्येक जण हसून नमस्कार करणारा. ती सगळ्यांना उत्तर देत उलट्या दिशेने परत फिरली. तेवढ्या नमस्कारांनी तिला फार एकटं वाटलं. बुटात खडा गेला होता. काढायला थांबावं इतकाही उत्साह नव्हता.

गिरणीसमोर एका कुटुंबाने बाक अडवला होता. आई डबे उघडत होती, बाप पाटी मोठ्याने वाचून दाखवत होता. रोसेरला पाव खायचा होता आणि कुणी बघत नसताना खायचा होता. म्हणून ती भिंतीला वळसा घालून मागे गेली. तिकडे जाळी होती, पण भिंतीलगत एक वाट होती, बकरीला पुरेल एवढी. ती आडवी होऊन आत सरकली.

आत अंजीर होतं.

भिंतीच्या दगडांतच मुळं घालून उभं राहिलेलं, जाड, राखाडी, फांद्यांच्या टोकांना पोपटी पानं नुकती उलगडलेली. त्याच्या पलीकडे जमीन उतरत नदीपर्यंत गेली होती आणि त्या सगळ्या उतारावर रानशतावरी होती. कोंब वीतभर, हातभर वर आलेले, काही तर फुटायला लागलेले. कुणी हात लावलेला नव्हता. खाली पाणी दिसत होतं, आणि पाण्यापलीकडे बदामाची बाग.

खालच्या फांदीला एक आकडा टांगला होता, काटे बाजूला ओढायचा. त्याच्या शेजारी गवताच्या वळलेल्या दोऱ्या, जुडी बांधायच्या. रोसेरने एक हातात घेतली. पीळ उलटा होता. बाबा डावखुरे, त्यांच्या घरातली प्रत्येक दोरी अशीच उलटी वळलेली. तिने मोजल्या, सात होत्या, आणि त्या जुन्या नव्हत्या. डिसेंबरात कधीतरी, येणाऱ्या वसंतासाठी, त्यांनी त्या आणून ठेवल्या होत्या.

अंजिराखाली बसायला एक दगड होता. एकच. बसून बसून गुळगुळीत झालेला.

ती त्यावर बसली. भिंतीपलीकडून त्या बापाचा आवाज येत होता: इथे पूर्वी गहू दळला जाई. बाबांनी त्या आवाजांना पाठ करून इथे पाव खाल्ला असेल. मग घरी येऊन, विचारल्यावर, जसं होतं तसं सांगितलं असेल. दर वर्षी. सगळ्यांसमोर. ज्या माणसाला हातातलं पान लपवता येत नव्हतं, तो थाप मारतोय असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आणि थाप म्हणून नुसती जागाच नाही, पुढचं वाक्यही तिने हसण्यावारी घालवलं होतं.

पाव तिने खाल्लाच नाही. बुटातला खडा काढला. मग आकडा घेऊन खाली उतरली आणि एका दोरीत मावतील एवढे कोंब खुडले, प्रत्येक झुडपाला दोन-दोन ठेवून. जुडी बांधली. आकडा जागेवर टांगला, उरलेल्या सहा दोऱ्या तशाच ठेवल्या.

गावात चर्च सुटून वेळ झाला होता. गल्लीत तळणाचे वास होते, उघड्या खिडक्यांतून माणसांचे आवाज. एलिसेऊकाका दाराशी खुर्ची टाकून उन्हात बसले होते. कोट आता काढलेला. जुडी तिने लपवली नाही. काकांनी ती पाहिली, तिची जाडी पाहिली, आणि खुर्चीत सरळ झाले.

"अगं बाई! भलतीच लांब गेलेली दिसतेस."

"नाही हो."

"तिसऱ्या पुलापलीकडं," काका स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "डाळिंबांत."

"गिरणीमागं, अंजिराखाली," रोसेर म्हणाली.

काकांनी मांडीवर थाप मारली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मनगटाने पुसलं. "ब्लायचीच पोर! अगदी ब्लायची!"

"वाटलं तर या बघायला."

"येतो की, येतो की," काका म्हणाले आणि पुन्हा हसले.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग घराकडे चालू लागली. कोपऱ्यावर तिने मागे वळून पाहिलं. काका खुर्चीतच होते, आत कुणाला तरी ती गंमत सांगत.

घरी येऊन तिने पाणी उकळायला ठेवलं आणि अंडी काढली. सवयीने सहा काढली होती. चार परत ठेवली.