पावलांचं वय

तळप्रमुख तैसिया ल्वोव्नाचा एक नियम तळावर बायबलातल्या दहा आज्ञांपेक्षा जास्त पाळला जाई. टेकडीवर नवं पाऊल उमटवायचं नाही, जुन्या ठशातच पाय ठेवायचा. दक्षिण ध्रुवाकडच्या त्या उघड्या खडकावर बोटभर माती व्हायला हजारो वर्षं लागतात आणि बुटाचा ठसा साठ वर्षं बुजत नाही. नियम मोडणाऱ्यानं आठवडाभर भांडी घासायची. भांड्यांचा कंटाळा सर्वांत जास्त स्वयंपाकी प्रोखोरला, म्हणून नियमही तोच सर्वांत जास्त पाळायचा.

कांदे आणणारं जहाज दिसतंय का बघायला तो सकाळी टेकडीवर गेला. मागोमाग धुकं आलं. दुपारी धुकं विरलं तरी प्रोखोर परतला नाही, आणि संध्याकाळी वादळ येणार होतं. ट्रॅक्टरवाल्या येव्सेईला घेऊन तैसिया निघाली.

"यातले त्याचे कुठले? तुमच्या कृपेनं सगळे ठसे एकात एक!" येव्सेई म्हणाला.

"पांढरे खडे बघ. खडा उलथला की मिठाचं पांढरं पोट वर येतं. वारा पाच-सहा वर्षांत ते मीठ खरवडून नेतो, मग खडा तांबूस पडतो. पांढरं आणि अजून ओलसर, ते आजचं."

माथ्यावर पांढरे खडे नेहमीची वाट सोडून डावीकडे वळले. प्रत्येकाखाली एक जुना, तांबूस ठसा होता. डाव्या टाचेला अर्धाच नाल. येव्सेईनं छातीवर क्रूसाची खूण केली. तळाच्या पहिल्याच वर्षी हरवलेल्या मोजणीदाराची ही ओळ सगळ्यांना ठाऊक होती. ती पोकळ खडकापर्यंत जाते. परतीची ओळ नाही.

"धुक्यात पायाखाली ठसा दिसला, ठेवला पाय," येव्सेई म्हणाला. "तुमचाच नियम."

ओळ सोडून तैसिया कोऱ्या मातीवरून धावत सुटली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

मिठानं आणि वाऱ्यानं आतून खाल्लेल्या त्या खडकात प्रोखोर एका कडेला अंग चोरून बसला होता, शेजारी कुणाला जागा करून दिल्यासारखा.

"ऊठ, गाढवा!" तैसिया ओरडली.

"आत्ताच गेला तो," प्रोखोर म्हणाला. "काकडला होता बिचारा. म्हटलं, कोबीचं सूप शेगडीवर आहे, जा, घे. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं त्याला."

"थंडी डोक्यात गेलीय याच्या," येव्सेई पुटपुटला. दोघांनी त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं.

खडकाच्या मागच्या तोंडापासून एक ओळ खाली तळाकडे गेली होती. अर्धा नाल. तैसियानं एक खडा उचलला. पोट पांढरं, आणि मीठ अजून ओलसर, बोटाला चिकटणारं.

खाली स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. निघताना येव्सेईनं ते स्वतः ओढून घेतलं होतं.

"चला, त्याला वाडगी सापडायची नाहीत," म्हणत प्रोखोरनं सवयीनं पहिल्या ठशात पाय ठेवायला उचलला.

"त्यात नको!" तैसिया किंचाळली.

"मग काय, नवं उमटवू? भांडी कोण घासणार?"

"मी घासेन," ती म्हणाली. "तू नवं उमटव."